शंकेचा भार कोणी वाहावा?

शंकाकार : पुण्याच्या दोन विषप्रयोगांच्या खटल्यांपासून आरंभ करतो, कारण न्यायालयीन सिद्धतेविषयी माझ्या मनात जो संशय आहे, तो या दोन निकालांच्या मधल्या अंतरातूनच निर्माण झालेला आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्याचे एक डॉक्टर आपल्या मधुमेही रुग्ण असलेल्या एका विधवा स्त्रीला घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईस गेले. पहाटे ती बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल झाली आणि त्याच दिवशी मरण पावली. रासायनिक पृथक्करणात विषाचा मागमूस लागला नाही. तरीही १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनंत चिंतामण लागू यांची देहान्ताची शिक्षा कायम केली. उलट जून १९८२ मध्ये पुण्यातच एका नवविवाहितेचा मृत्यू झाला, तिच्या देहात पोटॅशियम सायनाइड निश्चितपणे आढळले, सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने पतीस फाशी सुनावली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शरद बिरधीचंद सारडा यांची निर्दोष मुक्तता केली. विष सापडले नाही तेथे फाशी, आणि विष सापडले तेथे सुटका! त्यातही लागू खटल्यातील तीन न्यायमूर्तींपैकी न्या. सरकार यांचे मत असे होते की, मृत्यू अनैसर्गिक होता हेच मुळी सिद्ध झालेले नाही. एकच दप्तर, तेच साक्षीपुरावे, तिघेही सचोटीचे आणि व्यासंगी. त्यांपैकी दोघांना जे संशयातीत वाटले ते तिसऱ्यास असिद्ध वाटले. मग एखादी गोष्ट न्यायालयात सिद्ध झाली या म्हणण्याला, बहुमत तसे पडले यापलीकडे कोणता अर्थ उरतो?

समर्थक : आपण निकालांची तुलना केली, कारणांची केली नाही, आणि न्यायालयाचा निवाडा त्याच्या कारणांत असतो. लागू खटल्यात आरोपीने रुग्णालयात त्या स्त्रीचे नाव खोटे सांगितले होते, तिच्या मृत्यूनंतर ती जिवंत असल्याचे भासवणारी बनावट पत्रे रचली होती आणि तिची मालमत्ता हळूहळू आपल्या हाती घेतली होती. या वर्तनाचा उलगडा करणारी दुसरी कोणतीही निरपराध उपपत्ती बहुमताला दिसली नाही. सारडा खटल्यात विष होते, परंतु ते आरोपीच्या ताब्यात कधी होते याचा पुरावा नव्हता, आणि त्या मुलीने आपल्या माणसांना लिहिलेल्या पत्रांतून तिच्या मनाची जी घोर उदासीनता प्रकट होत होती तिच्यामुळे आत्महत्येची शक्यता दूर सारता येत नव्हती. म्हणूनच त्या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याचे पंचशील सांगितले गेले : प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे प्रस्थापित झालेली असावी, ती दोषित्वाच्या उपपत्तीशीच सुसंगत असावी, ती निर्णायक स्वरूपाची असावी, तिने इतर सर्व संभाव्य उपपत्तींचे निरसन करावे, आणि साऱ्या परिस्थितींची साखळी इतकी अखंड असावी की निर्दोषत्वाच्या निष्कर्षास वाजवी आधारच उरू नये.

यापुढे मूळ मुद्दा. आपण सिद्धता आणि सत्य यांची सरमिसळ करीत आहात. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने ही सरमिसळ केलेली नाही. एखादी वस्तुस्थिती आहे असा न्यायालयाचा विश्वास बसला, किंवा तिचे अस्तित्व इतके संभाव्य वाटले की त्या प्रकरणाच्या परिस्थितीत सुज्ञ माणसाने ती आहे असे धरून कृती करावी, म्हणजे ती सिद्ध झाली, असे तो कायदा सांगत होता; आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तीच व्याख्या राखली आहे. या व्याख्येचा गाभा कृती हा आहे. न्यायालय जगाचे अंतिम वर्णन करीत नाही. अपूर्ण ज्ञानाच्या आधारे, पण टाळता न येणारी अशी एखादी कृती करण्यास पुरेसा आधार आहे की नाही, एवढेच ते ठरविते. भोसरीच्या एखाद्या यंत्रशाळेत तपासनीस सुट्या भागाला गेज लावतो, तेव्हा तो भाग आदर्श मापाचा आहे असे तो म्हणत नाही. त्या भागाच्या उपयोगासाठी जेवढी तफावत चालते तिच्या आत तो बसतो, एवढीच ग्वाही तो देतो, आणि ब्रेकच्या भागाला जी सूक्ष्मता लागते ती दरवाजाच्या मुठीला लागत नाही. फौजदारी शिक्षेसाठी वाजवी संशयापलीकडची सिद्धता आणि दिवाणी हक्कासाठी संभाव्यतेचे पारडे, हा भेद याच जातीचा आहे.

शंकाकार : उपमा सुंदर आहे, आणि तिच्या सौंदर्यामुळेच ती धोक्याची आहे. यंत्रशाळेतील तफावत आधी आकड्यांत ठरलेली असते, आणि वादग्रस्त भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजता येतो. न्यायाधीशाला ही दोन्ही साधने नाहीत. ‘वाजवी संशय’ म्हणजे किती, हे कोणतेही न्यायालय आकड्यात सांगत नाही. एवढेच नव्हे तर आपण ज्या कायद्याचा गौरव केलात त्यात हा शब्दप्रयोगच आढळत नाही. त्यातील सिद्धतेची व्याख्या फौजदारी आणि दिवाणी दोहोंस एकच आहे. मापांचा भेद न्यायमूर्तींनी बाहेरून आणून तिच्यावर बसविला. पुन्हा मोजण्याविषयी तर बोलायलाच नको. ३० जुलै २०१८ रोजी आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला जी जाळपोळ झाली, बसगाड्या पेटविल्या गेल्या, तो प्रसंग पुन्हा घडवून कोणी पाहू शकत नाही. हजारोंच्या जमावात अमुक एका तरुणाच्या हाती दगड होता, हे धुरात उभ्या असलेल्या कोणा साक्षीदाराने सांगायचे, आणि ते काही वर्षांनी, उलटतपासणीच्या भडिमारात, ठामपणे सांगायचे. कायदा म्हणतो की साक्षीदारांच्या संख्येला महत्त्व नाही. आणि तरीही १९६४ च्या मसाल्टी खटल्यापासून न्यायालये म्हणत आली आहेत की, मोठ्या जमावाच्या गुन्ह्यात दोन, तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगत हकीकत सांगितल्याखेरीज एखाद्यास दोषी ठरवू नये. म्हणजे संख्या समोरच्या दाराने नाकारली आणि मागच्या दाराने आत घेतली.

त्यातच कच्च्या मालाची अवस्था पाहा. पंचनाम्यावर सही करणारा पंच न्यायालयात येऊन म्हणतो की, मी कोऱ्या कागदावर सही केली. फिर्यादी तडजोड झाल्यावर जबानी फिरवितो. मुद्देमाल कुठे, कोणाच्या ताब्यात, कोणत्या मोहरेखाली राहिला याची नोंद अर्धवट असते. अशा साधनांतून जे निष्पन्न होते त्याला मी ‘दप्तरात आलेले’ म्हणेन. ‘सिद्ध’ हा भारदस्त शब्द त्यास देण्यास माझी जीभ कचरते.

समर्थक : साधने सदोष आहेत हे मला मान्य आहे, परंतु साधनांच्या दोषामुळे रीतीचे समर्थन ढासळते, हे मान्य नाही. न्यायनिर्णयाचे समर्थन मी अचूकतेच्या आकड्यांत शोधत नाही, कारण तेथे ते सापडणार नाही हे आपण योग्यच दाखविले. मी ते शोधतो कारणांच्या उघडपणात. आपल्याच मुलखात वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत, लेख, भोग आणि साक्षी यांचा विचार होई, महजर लिहिला जाई. आणि ही साधने खुंटली म्हणजे रवादिव्य होई, उकळत्या तेलातुपातून तापलेला रवा हाताने काढावयाचा, मग हात पिशवीत बांधून मोहोर करावयाची आणि काही दिवसांनी पाहावयाचे. दिव्याने निकाल निश्चित लागे. एकाही न्यायमूर्तीचे विरुद्ध मत पडण्याची सोय तेथे नव्हती. परंतु ज्याचा हात भाजला त्याला, माझे काय चुकले, हे विचारण्यास जागाच नव्हती. आजचा आरोपी विचारू शकतो. जो पुरावा त्याच्याविरुद्ध वापरावयाचा तो त्याच्या समक्ष नोंदवावा लागतो, साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचा त्यास हक्क असतो, आणि जी परिस्थिती त्यास विचारून तिचा खुलासा मागितला नाही ती त्याच्याविरुद्ध धरता येत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली कायदा पुरावा म्हणून स्वीकारीत नाही. ती खोटीच असते म्हणून नव्हे, तर ती कशी मिळविली गेली हे तपासण्याची उघड रीत नाही म्हणून. न्या. सरकार यांचे विरुद्ध मत आपणास व्यवस्थेचे व्यंग वाटते. मला ते तिचे बळ वाटते, कारण ते छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि आज कोणताही नागरिक बहुमताची कारणे त्याच्या कसोटीवर घासून पाहू शकतो.

शंकाकार : ज्याला फाशी झाली त्यास हे छापील बळ कितपत उपयोगी पडले, हा प्रश्न मी क्षणभर बाजूस ठेवतो, कारण आपल्या म्हणण्यात याहून खोल एक गृहीत आहे. कारणे उघड असली की पक्ष समान पातळीवर येतात, असे आपण धरून चालला आहात. परंतु कारण देण्यास कागद लागतो, आणि कागद कोणाच्या कपाटात असतो ते पाहावे लागते. चाकणच्या पट्ट्यात ज्या कंत्राटी कामगाराची सात-आठ वर्षे एकाच फाटकातून आत जाण्यात गेली, त्याचा मुकादम तोच राहिला, यंत्र तेच राहिले, फक्त कंत्राटदाराचे नाव दर काही महिन्यांनी बदलत गेले. त्याला एक दिवस कामावरून काढून टाकले आणि तो कामगार न्यायालयाची पायरी चढला, तर त्याने प्रथम काय सिद्ध करावयाचे? १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने घालून दिलेली अट अशी की, लगतच्या बारा महिन्यांत २४० दिवस आपण काम केले. आणि २००२ मध्ये हादीमनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा भार कामगारावर आहे, आणि केवळ त्याचे प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. पगाराची पावती, नेमणूकपत्र, असे काही हवे.

आता विचार करा. नेमणूकपत्र त्यास कधी दिलेच गेले नाही, हजेरीपट मालकाच्या किंवा कंत्राटदाराच्या दप्तरात, गेटपास काम सुटताच परत घेतलेला. तो खरे बोलतो आहे, हे कदाचित त्या दालनातील प्रत्येकास ठाऊक असेल. तरीही त्याचे दिवस असिद्ध राहतील, आणि असिद्ध दिवस कायद्याच्या लेखी न भरलेले दिवस होत. येथे न्यायाधीशाचे तर्कशास्त्र कुठेही चुकलेले नाही. शंकेचा भार कोणाच्या खांद्यावर ठेवावा हे साक्षी सुरू होण्यापूर्वीच ठरले होते, आणि तो अशा माणसाच्या खांद्यावर ठेवला गेला की ज्याच्यापाशी तो उतरविण्याचे साधन नव्हते. माझा मूळ आक्षेप मी आता अधिक नेमका मांडतो : सिद्धता ही ज्ञानाची बाब असल्याचा देखावा होतो, पण तिचा निम्मा भाग भाराच्या वाटणीचा असतो, आणि ती वाटणी ज्ञानाच्या नियमांनी होत नाही.

समर्थक : हा आक्षेप पहिल्यापेक्षा बलवान आहे, आणि न्यायालयांनाही तो जाणवलेला आहे. २००५ मध्ये यल्लट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भार कामगारावर असला तरी तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि मालकाकडील हजेरीपट व नेमणुकीचे कागद त्याने मागविले, तर प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीनुसार न्यायालयाने निष्कर्ष काढावा. जो पुरावा हजर करता येण्याजोगा असूनही दडविला जातो, तो हजर केला असता तर दडविणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता, असे अनुमान करण्याची मुभा कायद्यात पहिल्यापासून आहे. शिवाय जी गोष्ट एखाद्याच्याच विशेष माहितीतील आहे, तिचा खुलासा त्यानेच करावा, हेही तत्त्व आहे. महाराष्ट्रातीलच त्रिमुख मारोती किरकन या २००६ च्या खटल्यात, घराच्या चार भिंतींआड विवाहितेचा मृत्यू झाला असता सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले : अशा गुन्ह्याचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणा, असे सरकार पक्षास सांगणे म्हणजे अशक्याची मागणी करणे होय, घरात जे होते त्यांनी खुलासा केला पाहिजे, आणि तो केला नाही किंवा खोटा केला, तर ती साखळीतील आणखी एक कडी ठरेल. त्या निकालात असेही म्हटले आहे की, निरपराध्यास शिक्षा होऊ नये हे पाहणे जसे न्यायाधीशाचे कर्तव्य, तसेच अपराधी सुटू नये हे पाहणेही. म्हणजे भार अचल नाही. ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याच्याकडे तो सरकतो, आणि असे सरकणे ही ज्ञानाचीच बाब आहे.

शंकाकार : सरकतो खरा, पण किती सहज आणि कोणाकडे, ते पाहू. यल्लट्टी निकालाचेच पुढचे वाक्य आपण सांगितले नाही : दडपणुकीचा आरोप नसताना, केवळ हजेरीपट हजर केला नाही एवढ्यावरून मालकाविरुद्ध अनुमान काढता येणार नाही, असेही तेथे बजावले आहे. उलट त्रिमुख मारोतीच्या प्रकरणात, जिवाशी गाठ असलेल्या आरोपीचे मौन कडी म्हणून जोडले गेले. सारडा निकाल मात्र सांगतो की, आरोपीचा बचाव खोटा ठरला तरी त्याने तुटलेली साखळी सांधली जात नाही. साखळी आधीच अखंड असेल तरच तो खोटेपणा तिला बळकटी देतो. वकील या दोन निकालांत मेळ घालतील. परंतु खालच्या न्यायालयात, पिंपरीस असो वा राजगुरुनगरास, साखळी आधी अखंड होती की मौनाने अखंड झाली, हे ठरविणारी रेषा कोणी दाखवावी?

आणि नवी यंत्रे ही रेषा अधिकच धूसर करीत आहेत. कारखान्याच्या फाटकावर कॅमेरा आहे, बोटाचा ठसा घेणारे हजेरीयंत्र आहे. म्हणजे त्या कामगाराचा प्रत्येक दिवस आज पूर्वीपेक्षा अधिक निश्चितपणे नोंदलेला आहे. परंतु जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात, जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करावयाची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ते प्रमाणपत्र कोण देणार? ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो. नोंद वाढली, ज्ञान वाढले, आणि ते ज्ञान सिद्धतेत रूपांतरित करण्याची किल्ली पुन्हा त्याच कपाटात गेली.

समर्थक : त्याच निकालाने हेही सांगितले आहे की, यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो प्रमाणपत्र देण्यास नकार देत असेल, तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवावे, किल्ली काढून घेण्याचा अधिकार न्यायालयापाशी आहे. परंतु तपशिलाच्या पलीकडे जाऊन मी आपल्या आक्षेपातून एक तत्त्व उचलतो, आणि ते माझ्या बाजूचे आहे असे मला वाटते. फौजदारी खटल्यात शंकेचा भार सरकारवर का? सरकारपाशी पोलीस आहेत, प्रयोगशाळा आहेत, तुरुंग आहे. आरोपीपाशी यांपैकी काही नाही. मग शंकेचा भार बलवत्तर पक्षाने वाहावा, हेच त्या नियमाच्या मुळाशी असलेले तत्त्व होय. आणि तेच प्रामाणिकपणे लावले तर कामगाराच्या प्रकरणात हजेरीपट हजर करण्याचे ओझे मालकावर पडले पाहिजे. म्हणजे आपण दाखविलेला अन्याय सिद्धतेच्या कल्पनेतून उद्भवलेला नाही, ती अर्धवट लावल्यामुळे उद्भवलेला आहे. १९७५ च्या दास्ताने खटल्यात, जो मुळात पुण्याच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला होता, न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी वैवाहिक वादास संभाव्यतेचे माप लावताना हेच समजावून दिले की, सुज्ञ माणूस प्रसंगाचे गांभीर्य पाहून आपल्या सावधगिरीची मात्रा ठरवितो. आकडा न सांगणे ही त्या व्याख्येतील उणीव नव्हे. कोणावर काय ओढवणार आहे हे पाहिल्याशिवाय माप ठरवू नये, यासाठी ती जागा रिकामी ठेवलेली आहे.

शंकाकार : बलवत्तर पक्षाने शंका वाहावी, हे तत्त्व मी स्वीकारतो, आणि लगेच ते कुठे अपुरे पडते ते दाखवितो. खटला सरकार आणि आरोपी यांच्यात आहे असे आपण म्हणता. पण चार भिंतींआड मेलेली ती स्त्री या हिशेबात कुठे आहे? सरकार बलवान आहे, ती नव्हती. आरोपीस संशयाचा फायदा मिळाला की त्या फायद्याची किंमत सरकारच्या खजिन्यातून जात नाही, तिच्या आईबापांच्या न्यायाच्या आशेतून जाते. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात बजावले होते की, संशयाच्या फायद्याची अतिरेकी उपासना करून अपराधी सोडीत गेल्यास कायद्यावरील लोकांची श्रद्धाच उडेल. आणि अकरा वर्षांनी आलेल्या सारडा निकालाने, त्याच बोबडे खटल्याचा आधार घेऊन सांगितले की, दोष ‘असू शकेल’ आणि दोष ‘असलाच पाहिजे’ यांतील अंतर मोठे आहे. दोन्ही इशारे एकाच खटल्यातून निघाले आणि दोन्ही खरे आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावरील अपघातात कायद्याने यातून एक वाट काढली : चालक फौजदारी न्यायालयात संशयाचा फायदा मिळून सुटला, तरी दावा न्यायाधिकरण त्याच घटनेसाठी मृताच्या कुटुंबास भरपाई देऊ शकते, कारण तेथील माप संभाव्यतेचे आहे. परंतु ही वाट पैशाने भरून येणाऱ्या हानीपुरतीच आहे. जेथे एका बाजूस दुर्बळ मृत आणि दुसऱ्या बाजूस दुर्बळ आरोपी आहे, तेथे बळाची तुलना निर्णय देत नाही.

समर्थक : तेथे ती निर्णय देत नाही, हे मी मान्य करतो; मात्र तेथेही एक विषमता उरते असे माझे म्हणणे आहे. मृताच्या बाबतीत न्यायालय चुकले तर एक अन्याय निवारण न होता राहतो. आरोपीच्या बाबतीत चुकले तर न्यायालय स्वतः एक नवा अन्याय करते. राज्यसंस्थेने न थांबविलेल्या दुःखापेक्षा तिने स्वहस्ते केलेल्या दुःखाचा जाब अधिक कडक असला पाहिजे, आणि वाजवी संशयाचा नियम मी शेवटी याच भूमीवर उभा करतो.

शंकाकार : आणि मी तेथेच थांबून विचारतो की, ज्या स्त्रीने मृत्यूपूर्वी दाद मागितली आणि जिची फिर्याद नोंदविली गेली नाही, किंवा ज्या कामगाराचा हजेरीपट तपासण्याची जबाबदारी एका सरकारी निरीक्षकावर होती आणि त्याने तो उघडून पाहिला नाही, त्यांच्या दुःखाला ‘न थांबविलेले’ म्हणावयाचे की ‘स्वहस्ते केलेले’? आपले समर्थन या भेदावर उभे आहे, आणि हा भेद पुराव्याच्या कायद्यात कोठे लिहिलेला नाही. आरंभी मी म्हटले होते की, सिद्ध या शब्दास अर्थ उरत नाही. ते विधान मी आता मागे घेतो. अर्थ आहे : ज्याच्यावर निकाल कोसळणार आहे त्यास तोंडावर सांगता येतील आणि त्याने खोडून काढण्याचा प्रयत्न केल्यावरही टिकतील अशी कारणे, हाच तो अर्थ. परंतु ही कारणे किती बळकट असावीत हे ठरविण्यापूर्वी, दोन्ही बाजूंना ती उभी करण्याचे साधन मिळाले होते की नाही, हे विचारण्याचे कर्तव्य न्यायालयाचे आहे की कायदेमंडळाचे, यावर आपले मत काय?

समर्थक : मी म्हणेन, न्यायालयाचे, आणि हेही जाणतो की, ज्या क्षणी न्यायाधीश पक्षाच्या हाती साधने देऊ लागतो, त्या क्षणी तो त्या पक्षाकडे झुकला असा आक्षेप घेण्याचा हक्क दुसऱ्या पक्षास प्राप्त होतो. साधने न देता तटस्थ राहिला तर विषमतेवर त्याची मोहोर उठते, आणि साधने दिली तर त्याच्या तटस्थतेवर शंका येते. या दोहोंतून कोणती जोखीम पत्करावी, हे कोणत्याही व्याख्येत सांगितलेले नाही. प्रत्येक निकालपत्राने ते स्वतःच्या कारणांत स्पष्टपणे लिहून ठेवावे, एवढीच माझी मागणी उरते, आणि आज बहुतेक निकालपत्रे ते लिहीत नाहीत, हे मला कबूल करावे लागते.